नियोजित वीजबंदीची घरगुती पूर्वतयारी

देखभाल-दुरुस्ती किंवा भारनियमनासाठी पूर्वसूचना देऊन वीजपुरवठा खंडित केला जातो, त्या काळासाठी घरात आधीच केलेल्या व्यवस्थेस नियोजित वीजबंदीची घरगुती पूर्वतयारी म्हणतात. परभणी जिल्ह्यात वीजवितरण महावितरण ही कंपनी करते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनातून ती २००५ मध्ये अस्तित्वात आली.

पार्श्वभूमी
वाहिन्यांजवळील फांद्या तोडणे, खराब इन्सुलेटर बदलणे अशी मान्सूनपूर्व कामे वीजपुरवठा बंद ठेवून केली जातात. मराठवाड्यात हा काळ कडक उन्हाळ्याचा असतो.

पूर्वतयारी
बोअरवेलचा पंप विजेवर चालत असल्याने टाकी व पिण्याच्या पाण्याची भांडी आधीच भरून ठेवली जातात. मोबाइल, विजेरी व इन्व्हर्टर चार्ज केले जातात. दार न उघडल्यास फ्रिजमधील थंडावा साधारण चार तास टिकतो. इन्सुलिन वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरते.

सुरक्षितता
चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडल्यास वीज उलट दिशेने वाहिनीत जाऊन खांबावरील कर्मचाऱ्याच्या जिवास धोका होतो. पुरवठा पूर्ववत होताना दाब वाढून नुकसान होऊ नये म्हणून दूरचित्रवाणी संच, फ्रिज इत्यादी उपकरणे बंद ठेवली जातात. ठरलेल्या वेळेनंतरही वीज न आल्यास १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.