ताटांची चळत आणि स्वल्पविराम

पाचात तीन मिळवा आणि येणाऱ्या बेरजेला दोनाने गुणा. हे वाक्य पाचवीतल्या मुलालाही कळते. तेच चिन्हांत लिहायचे म्हटले की कंस लागतो: (५ + ३) × २. कंस गाळला तर उत्तर १६ ऐवजी ११ येईल. मराठी वाक्यात मात्र कंस कुठेच नव्हता. आधी संख्या आणि मग क्रियापद हा आपल्या वाक्याचा स्वाभाविक क्रम असल्यामुळे त्याची गरजच पडली नाही. हा क्रम चिन्हांत जसाच्या तसा उतरवला तर ५ ३ + २ × असे लिहावे लागेल. दिसायला विचित्र, पण यात संदिग्ध काहीच नाही.

कंसाविना लिहिण्याची कल्पना यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाला वॉर्सा येथे १९२४ साली सुचली. त्यांनी क्रियेचे चिन्ह शेवटी न ठेवता सर्वांत आधी ठेवले. यंत्रे त्यांच्या मनात नव्हती. तर्कशास्त्रातील लांबलचक सूत्रे आटोपशीर व्हावीत एवढाच हेतू होता. प्रत्येक चिन्हाला किती पदे लागतात हे ठरलेले असेल तर कंस अनावश्यक ठरतात, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म. चिन्ह शेवटी नेले तरी हे मर्म बदलत नाही, आणि यंत्राला तर तेच अधिक सोयीचे पडते.

ते कसे, हे १९५७ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पुढे आले. म्युनिकमध्ये फ्रिड्रिश बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी, तर सिडनीत चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी ते मांडले. हॅम्ब्लिन तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते आणि वुकाशेविच यांची पद्धत त्यांच्या परिचयाची होती. कार्यालयात धुतलेली ताटे एकावर एक रचून ठेवतात ती चळत डोळ्यांपुढे आणा. नवे ताट वरच ठेवायचे आणि उचलायचेही वरचेच. यंत्राने सूत्र डावीकडून वाचत जावे. संख्या आली तर ती चळतीवर ठेवावी. क्रियेचे चिन्ह आले तर वरच्या दोन संख्या उचलाव्यात आणि उत्तर पुन्हा वर ठेवावे. आपल्या उदाहरणात ५ ठेवा, त्यावर ३ ठेवा, + आले की दोन्ही उचलून ८ ठेवा, त्यावर २ ठेवा, × आले की १६. मागे वळून पाहावे लागत नाही आणि मधल्या उत्तराला नाव द्यावे लागत नाही. बाउअर यांनी या रचनेला जर्मनमध्ये ‘तळघर’ म्हटले. आम्हाला आपली चळत अधिक पटते, कारण तळघरात गेलेली वस्तू बहुधा वर येत नाही!

पुढे १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डने ३९५ डॉलरला एचपी-३५ हा खिशात मावणारा गणकयंत्र विक्रीस आणला. त्यावर ‘बरोबर’चे बटणच नव्हते, कारण आत चळत होती. आणि साधारण त्याच सुमारास चार्ल्स मूर यांनी संपूर्ण संगणक-भाषाच चळतीवर उभी केली. तिचे नाव फोर्थ. मूर यांना ती चौथ्या पिढीच्या संगणकांची भाषा वाटत होती. पण ज्या आयबीएम ११३० यंत्रावर ते काम करीत, त्यावर फाइलचे नाव पाच अक्षरांपेक्षा मोठे चालत नसे. म्हणून इंग्रजीतल्या ‘चौथी’ या शब्दातले एक अक्षर गळाले आणि तेच रूढ झाले. ॲरिझोनातील किट पीक येथील ११ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीसाठी मूर यांनी ही भाषा वापरली. दुर्बीण फिरवणे, येणारी मोजमापे साठवणे आणि लगेच त्यांचे गणित करणे ही सगळी कामे तुटपुंज्या स्मृतीच्या छोट्या संगणकाकडून करून घ्यायची होती.

दुर्बिणीकडून येतात त्या निव्वळ संख्या. कचेरीतले तक्ते तसे नसतात. त्यांत नावे असतात, पत्ते असतात, शेरे असतात. तक्ता एका आज्ञावलीतून दुसरीत न्यायचा तर प्रत्येक ओळीतील रकाने स्वल्पविरामाने वेगळे करून साध्या मजकुरात लिहायचे, ही प्रथा जुनी आहे. आयबीएमच्या १९७२ सालच्या फॉरट्रान कंपायलरला असे लिखाण वाचता येत असे. १९७९ साली व्हिजिकॅल्क आले आणि तक्ते घरोघरच्या संगणकावर पोहोचले. आज निकालपत्रक ज्या सीएसव्ही फाइलमध्ये भरून पाठवले जाते ती हीच. गंमत अशी की या फाइलचे नियम आरएफसी ४१८० या टिपणात लिहून काढले गेले ते २००५ साली. तोवर जो तो आपल्या समजुतीने लिहीत होता, आणि बरेचजण अजूनही तसेच लिहितात.

आता फोर्थ नव्यानेच शिकणारा एखादा विद्यार्थी अशी फाइल वाचायला बसला आहे असे समजू. रकाने क्रमांक, नाव, गणित, विज्ञान असे आहेत, आणि एक ओळ अशी आहे:

१२,"पाटील, सुमन",४५,३८

पहिले दोन रकाने सोडायचे आणि पुढच्या दोहोंची बेरीज करायची. फोर्थमध्ये ‘पार्स’ नावाचा शब्द आहे. ठरवून दिलेले चिन्ह येईपर्यंतचा मजकूर तो कापून देतो. संस्कृतच्या तासाला आपण करतो तो पदच्छेदच म्हणा. विद्यार्थी त्याला स्वल्पविराम देतो. तुकडे पडतात ते असे: १२, मग "पाटील, मग सुमन", मग ४५, मग ३८. दोन सोडले. पुढचा तुकडा सुमन". त्यातून संख्या निघत नाही, म्हणून बेफिकीर आज्ञावली शून्य धरते. त्यात ४५ मिळवते आणि थांबते. सुमनला ८३ ऐवजी ४५ गुण मिळतात आणि यंत्र तक्रारीचा शब्दही काढत नाही.

वुकाशेविच यांनी घालवलेला कंस येथे अवतरणचिन्हाच्या रूपाने परत आला आहे. सूत्रात प्रत्येक चिन्हाला किती पदे लागतात हे ठरलेले असते; माणसाच्या नावात किती स्वल्पविराम येतील हे कोण ठरवणार? आपल्याकडे तर १,२५,००० या संख्येच्या पोटातही दोन स्वल्पविराम असतात.

उपाय मात्र सोपा आहे. अक्षरे एकेक करून वाचायची आणि ‘आत’ की ‘बाहेर’ एवढी एकच खूण जवळ ठेवायची. अवतरणचिन्ह दिसले की खूण पालटायची. स्वल्पविराम दिसला की खूण पाहायची आणि बाहेर असू तरच कापायचे. मजकुरातच अवतरणचिन्ह हवे असेल तर ते दोनदा लिहावे असा २००५ च्या टिपणातील नियम आहे. दोनदा पालटलेली खूण मूळ स्थितीलाच येत असल्याने आपली युक्ती तेथेही टिकते. कंसांच्या बाबतीत एक खूण पुरत नाही. कंसात कंस येतो, आणि आतला बंद झाला तरी बाहेरचा उघडाच राहतो. तेथे उघड्या कंसांची चळत ठेवावी लागते. अवतरणचिन्हाचे उघडणे आणि मिटणे सारखेच दिसते, म्हणून त्यात एकात एक गुंतागुंत नाही.

दुसरी अडचण अधिक चोरटी आहे. ‘पार्स’ मजकूर चळतीवर ठेवत नाही. मजकूर स्मृतीत कोठे सुरू होतो तो पत्ता आणि त्याची लांबी अशा फक्त दोन संख्या ठेवतो. विद्यार्थ्याला पहिला क्रमांक शोधायचा आहे. सर्वाधिक गुण असलेल्या ओळीतील नाव त्याने चळतीच्या तळाशी जपून ठेवले. पण पुढची ओळ स्मृतीत त्याच जागी येऊन बसते. पत्ता तोच राहतो, त्या पत्त्यावरची वस्ती बदलते. शेवटी छापले जाते ते शेवटच्या ओळीतील काही अक्षरांचे कडबोळे. नाव राखायचे तर त्याची प्रत दुसऱ्या जागी उतरवून त्या जागेचा पत्ता चळतीवर ठेवला पाहिजे. अनेक नव्या भाषा हे काम पडद्याआड उरकतात. फोर्थ ते करणाऱ्यावर सोडते, आणि म्हणूनच सुरुवातीला एकदा तरी तिच्यात फाइल वाचून पाहावी असे आम्हाला वाटते.

संगणक नसला तरी यातले बरेचसे वर्गात करता येईल. सुमनची ओळ फळ्यावर लिहा आणि एका मुलाला ती अक्षरागणिक मोठ्याने वाचू द्या. दुसऱ्याच्या हाती एका बाजूस ‘आत’ आणि दुसऱ्या बाजूस ‘बाहेर’ लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड द्या. तिसऱ्याने कापलेले तुकडे चिठ्ठ्यांवर लिहून एकावर एक ठेवावेत. मग नावात मुद्दाम एक अवतरणचिन्ह जास्तीचे घाला आणि उरलेल्या ओळीचे काय होते ते मुलांनाच सांगू द्या.