कधीच समाधान न पावणारी

मोटारीने ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो पेट्रोलवर नव्हे, विजेवर! २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथे बेल्जियमचा कामिय जेनात्सी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने गेला. गाडीचे नाव होते ‘ला जामे काँतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’.

त्याआधीचे चार महिने मोठे गमतीचे. डिसेंबर १८९८ मध्ये फ्रान्सच्या काउंट शास्लू-लोबाने ताशी ६३.१५ किलोमीटरचा विक्रम केला. मग जेनात्सीने तो मोडायचा, काउंटने परत मिळवायचा, असा सामना रंगला. दोघांच्याही गाड्या विजेच्याच. आता अडचण पाहा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो सारायला शक्ती आठपट लागते. शक्तीसाठी बॅटऱ्या वाढवाव्यात, तर शिशाचे ओझे वाढते. मार्चमध्ये काउंटने गाडीला हवा कापणारे निमुळते अंग दिले आणि तो ९२.७८ वर पोहोचला. जेनात्सीने त्याच्याही पुढे जाऊन पाणतीराच्या आकाराची, अॅल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूची गाडी घडवली. तरीही वजन भरले जवळजवळ दीड टन. शिवाय चाके उघडी, आणि स्वतः जेनात्सी कमरेपासून वर बाहेर, उंटावर बसल्यासारखा! एवढा सुबक आकार केला आणि माथ्यावर माणूस उभा केला, याचे आजही हसू येते. ती गाडी कोंपिएन्यच्या संग्रहालयात आहे.

पुढे पेट्रोल स्वस्त झाले, विजेची मोटार मागे पडली आणि हे गणितही. ते १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ‘ईव्ही-१’साठी पुन्हा मांडले. शिशाच्या बॅटऱ्यांचेच वजन पाचशे किलोंवर. म्हणून सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि आकार असा, की हवेच्या विरोधाचा गुणांक अवघा ०.१९.

वजन नडते ते शहरात, दर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना, आणि चढावर. पण ब्रेक लावताना मोटर उलटी जनित्र होते आणि त्यातली काही ऊर्जा बॅटरीत परत येते. हवेला दिलेली ऊर्जा मात्र गेली ती गेलीच. एप्रिल २०२२ मध्ये मर्सिडीजची ‘ईक्यूएक्सएक्स’ ही प्रायोगिक गाडी जर्मनीतून आल्प्स ओलांडून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत एकाच चार्जिंगमध्ये हजार किलोमीटरांहून अधिक धावली. गुणांक होता ०.१७. वजन मात्र पावणेदोन टन, म्हणजे जेनात्सीच्या गाडीहूनही जास्त!