आवृत्ती आणि पुनर्मुद्रण: एका संज्ञेचे विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. 'संहिता' म्हणजे लेखकाने अथवा संपादकाने सिद्ध केलेला शब्दक्रम. 'जुळणी' म्हणजे त्या संहितेची ओळींत व पृष्ठांत केलेली मुद्रणयोग्य रचना. 'मुद्रण' म्हणजे एका जुळणीवरून एका वेळी काढलेल्या प्रतींचा समुच्चय. 'आवृत्ती'ची व्याख्या मात्र इतकी सुलभ नाही. या शब्दाचा मूळ अर्थ पुनरावर्तन असा आहे. स्तोत्राच्या अकरा आवृत्त्या म्हटल्या जातात तेव्हा पाठ अकराही वेळा तोच असतो, किंबहुना तो तोच असावा असा दंडक असतो. ग्रंथव्यवहारात त्याच शब्दाने पाठातील परिवर्तन सूचित करायचे असते. मराठी पुस्तकांवर 'तेरावी आवृत्ती' असे छापले जाते आणि आत एक अक्षरही बदललेले नसते. या गोंधळाचे बीज शब्दाच्या व्युत्पत्तीतच आहे.

खिळ्यांच्या छपाईत हा गोंधळ फारसा बाधक नव्हता. खिळ्यांचा साठा मर्यादित असे. फर्मा छापून झाला की खिळे सुटे करून आपापल्या घरांत परत टाकावे लागत. त्यामुळे पुस्तक पुन्हा छापायचे तर ते पुन्हा जुळवावे लागे, आणि पुन्हा जुळवताना नव्या चुका शिरत, जुन्या निघत, लेखकालाही हात फिरवण्याची संधी मिळे. अशा स्थितीत पुढचे मुद्रण बहुधा नवी आवृत्तीच ठरे. ऑफसेट पद्धतीत जुळणी फिल्मच्या रूपाने जपून ठेवता येऊ लागली व पुनर्मुद्रण हे केवळ यांत्रिक कार्य झाले. संगणकाने उलट टोक गाठले: संहिता अबाधित ठेवून जुळणी क्षणात बदलता येते.

यावरून तीन स्थिती संभवतात. (१) संहिता तीच, जुळणी तीच: हे शुद्ध पुनर्मुद्रण. (२) संहिता तीच, जुळणी नवी: येथे पृष्ठांक बदलतात, म्हणून संदर्भ देणाऱ्या अभ्यासकासाठी नोंद आवश्यक ठरते, परंतु एवढ्याने आवृत्ती सिद्ध होत नाही. (३) संहिता हेतुपूर्वक बदललेली: हीच आवृत्ती. 'हेतुपूर्वक' हे पद लक्षणात अनिवार्य आहे. ते वगळल्यास एखाद्या मुद्रणदोषाच्या दुरुस्तीलाही आवृत्ती म्हणावे लागेल व लक्षण अतिव्याप्त होईल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. १९७५ साली पुण्यात जो कोश निघाला तो या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण होय.

या लक्षणाची खरी कसोटी मराठीत शुद्धलेखनाच्या प्रश्नावर लागते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांच्या आधीचे पुस्तक आज नव्या लेखनानुसार छापले, तर ते पुनर्मुद्रण की आवृत्ती? सकृद्दर्शनी पुनर्मुद्रणच, कारण 'नांव'चे 'नाव' झाल्याने अर्थ ढळत नाही. परंतु 'घरांत' हे रूप पाहावे. जुन्या लेखनात ते एकवचनी व अनेकवचनी दोन्ही असे. नव्या लेखनात एकवचन 'घरात', अनेकवचन 'घरांत'. अनुस्वार ठेवायचा की काढायचा हे ठरवताना लेखकाला एक घर अभिप्रेत होते की अनेक, याचा निर्णय करावा लागतो. हा अर्थनिर्णय आहे, आणि अर्थनिर्णय हे संपादकाचे कार्य आहे. ते जुळणी करणाऱ्यावर सोपवणे गैर. नियमांनीही ही मर्यादा ओळखली आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांनुसार, असा विवेक त्यांत केला आहे. मुळानुसार न छापलेले जुने पुस्तक, त्यात संपादकाचे नाव नसले तरी, संपादित आवृत्तीच होय.

चिकित्सित आवृत्ती हा तिसऱ्या स्थितीचा सर्वांत कठोर प्रकार. येथे संहिता आयती उपलब्ध नसते. ती अनेक हस्तलिखितांच्या तुलनेतून निश्चित करावी लागते, आणि त्याज्य पाठही तळटीपांत जपावे लागतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेले महाभारताचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. प्रत्येक स्वीकृत पाठामागील आधार तेथे वाचकाला तपासता येतो. 'आवृत्ती' या शब्दाचे पूर्ण सामर्थ्य या प्रकारातच प्रकट होते.

वृत्तपत्राची 'नाशिक आवृत्ती' हा निराळा प्रयोग. तेथे क्रम कालाचा नसून स्थलाचा असल्याने तो या विवेचनाबाहेर राहतो.

व्यवहारातही हा भेद मान्य आहे. आयएसबीएन पद्धतीत पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक राहतो, बदललेल्या आवृत्तीला नवा घ्यावा लागतो. तेव्हा प्रकाशकांनी श्रेयपानावर आवृत्तीचे वर्ष व पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगवेगळे छापावे, जुळणी नवी असल्यास तसे सांगावे, आणि जुन्या पुस्तकाचे लेखन बदलले असल्यास ते कोणी बदलले त्याचे नाव द्यावे.