‘नॉनसेन्स’ आणि आमची आजी

परवा मंडळाच्या फराळाच्या वेळी मी एका भगिनीच्या चिवड्याला ‘अगदी फस्क्लास!’ म्हटले, आणि माझे मलाच हसू आले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावू लागली. त्या डब्यांचा नि परीक्षांच्या निकालांचा हा शब्द आता आपल्या कढईपर्यंत येऊन पोचला आहे!

बोलण्याला जोर आणावयाचा तर परका शब्द घ्यावयाचा, ही खोड जुनीच. ‘बिलकूल’, ‘जरूर’, ‘शाबास’ हे सारे अरबी-फारशीतून आलेले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. पण ‘शाबास’ काही जिभेवरून उतरला नाही.

इंग्रजी मात्र आपल्या घरांत पुरुषांबरोबर आली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, ते मुख्यतः मुलग्यांसाठीच. रमाबाई रानडे इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा घरच्याच बायकांनी त्यांचा किती छळ मांडला, हे त्यांच्या १९१० सालच्या आठवणींत वाचावे.

आमचे आजोबा रागावले की ‘नॉनसेन्स!’ म्हणत. आजीला अर्थ ठाऊक नव्हता. आता पुढे बोलावयाचे नाही, एवढेच कळे. अशी चाळीस वर्षे गेली. मग एके दिवशी तिने हळूच मला अर्थ विचारला. मी सांगितला. “एवढेच होय!” ती म्हणाली.

त्याच रात्री आजोबांनी आमटीला नावे ठेवली. आजीने पळी खाली ठेवली नि स्पष्ट म्हणाली, “नान्सेन!”

आजोबांनी मुकाट्याने वाटी पुढे केली.