बहुचराजीच्या अंगणातून

वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी माणसाला बहुचराजी हे नाव नवे नाही. मेहसाणा जिल्ह्यातील या देवीला आपले गुजराती शेजारी मुलांचे जावळ काढायला जातात आणि प्रसाद आपल्याही घरी येतो. तेथील मोठे दगडी मंदिर 1783 च्या सुमारास मानाजीराव गायकवाडांनी बांधविले. म्हणजे त्या अंगणाशी आपलेही थोडे नाते आहे.

कोंबड्यावर बसणारी ही देवी तृतीयपंथीयांचे आराध्य दैवत आहे. गुजरातीत त्यांना पावैया म्हणतात. राजाची मुलगी मुलगा म्हणून वाढविली गेली आणि येथील तळ्यात स्नान करून ती पुरुष झाली, अशी आख्यायिका आहे. लोकश्रद्धेने अशांना नुसते सहन केले नाही. जन्माला आलेल्या बाळाला आशीर्वाद देण्याचा मान दिला.

असे स्थान देणारे हे एकच दैवत नाही. तामिळनाडूतील कूवागम गावी चैत्री पौर्णिमेच्या सुमारास अर्जुनपुत्र अरावानाचा उत्सव भरतो. युद्धापूर्वी स्वतःचा बळी देणाऱ्या अरावानाशी विवाह करायला मोहिनीरूप घेऊन खुद्द श्रीकृष्ण आला, अशी तेथील कथा. देशभरातून आलेले तृतीयपंथी अरावानाच्या नावाने ताली बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ती तोडून विधवेचा शोक करतात. कोल्हापूर-सांगलीकडचे भाविक ज्या सौंदत्तीच्या यल्लम्माला जातात, तिच्या सेवेतही जोगप्पांची परंपरा आहे. त्यांच्यातील मंजम्मा जोगती यांना लोकनृत्यासाठी 2021 चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

मग हा मान गेला कोठे? मराठी अंमलात दख्खनमधील काही हिजड्यांकडे गावोगाव भिक्षा मागण्याचे वंशपरंपरेचे हक्क आणि सनदा होत्या. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने हे हक्क मानण्याचे नाकारले. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग त्यांच्यासाठीच लिहिला गेला. त्यांची नावे सरकारी नोंदवहीत चढली. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात चारचौघांत नाचगाणे केले तर दोन वर्षांपर्यंत कैद होई. या कायद्याची झळ मुख्यतः उत्तर हिंदुस्थानला लागली, पण संशयाची नजर मात्र सर्वत्र पसरली.

सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होणेही खरे नव्हे. श्रद्धेने दिलेली जागा बहुधा देवळाच्या पायरीपर्यंतच होती. देवीला सोडलेल्या जोगत्याच्या वाट्याला मान आला, तशी परवडही आली. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांनी आणि 2009 च्या 'जोगवा' चित्रपटाने ती मराठी माणसासमोर आणली. आशीर्वाद हवा, पण भाड्याने खोली द्यायची नाही, शाळेच्या बाकावर शेजारी बसवायचे नाही, हा आपलाच रिवाज.

अलीकडे चित्र थोडे पालटले. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली. त्या निकालपत्रात रामाची आणि अरावानाची कथाही आली आहे. 2015 मध्ये ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने किन्नर आखाडा उभा राहिला. 2016 च्या उज्जैन सिंहस्थात त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा इतर आखाड्यांनी मान्यता दिली नव्हती. तरी दर्शनाला लोटलेल्या भाविकांनी कोणाच्या मान्यतेची वाट पाहिली नाही. 2019 च्या प्रयाग कुंभात जुना आखाड्याने त्यांना सोबत घेतले. त्याच वर्षी संसदेने त्यांच्या हक्कांचा कायदा केला.

कायदा दिल्लीत होतो, स्वीकार मात्र गल्लीत व्हायचा असतो. उत्सवाच्या दिवसांत मंडपाशी टाळी वाजली की आपण घाईने दहाची नोट पुढे करतो. ती नोट दान असते की 'लवकर जा' म्हणण्याची रीत, हे आपले आपणच ओळखावे. यंदा त्यांना आरतीला उभे राहू द्यावे, आरतीचे तबक त्यांच्याही हाती द्यावे आणि महाप्रसादाच्या पंगतीत पान वाढावे. गजमुख आणि मानवदेह एकाच ठायी असलेल्या दैवताला आपण दरवर्षी पाटावर बसवतो. त्याच्या दारात कोणाचा देह वेगळा आहे, हा प्रश्न निघू नये.

गणपती बाप्पा मोरया!