एक आसन, तीन अधिपती

बंगळूरनजीकच्या येलहंक्याचे नाडप्रभू केंपेगौडा यांच्या घराण्याकडून 1638 मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले. शहाजीराजांना ते जहागिरीत मिळाले आणि गौडा मागडीस गेले. कानडी प्रजा, मराठी जहागीरदार, वर विजापूरचा आदिलशहा! सिंहासनात कोणत्या समाजाचा किती वाटा, हा प्रश्न त्या काळी कोणास पडलाही नसेल.

बॉस्निया-हर्झेगोविनात मात्र साडेतीन वर्षांच्या रक्तपातानंतर याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. 1995 च्या डेटन कराराने राष्ट्राध्यक्षपदच तिघांत वाटले गेले: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. अध्यक्षस्थान दर आठ महिन्यांनी फिरते. लढाई थांबली, हे यश लहान नव्हे. परंतु सर्ब सदस्य केवळ सर्ब प्रजासत्ताकातून आणि उरलेले दोघे संघराज्यातून निवडायचे. म्हणून संघराज्यात राहणाऱ्या सर्बास उमेदवारी नाही. रोमा समाजाचे दर्वो सेयदिच आणि यहुदी याकोब फिंची यांना तर ती कोठूनच नाही. दोघांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर 2009 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. 2010, 2014, 2018 आणि 2022 च्या निवडणुका जुन्याच नियमांनी झाल्या.