पहिला कोण ते कळलं, पण दुसरा कधी आला?

आज सांगतो फ्रिट्झ पोलार्डची गोष्ट. अमेरिकन फुटबॉलची लीग, म्हणजे आजची एनएफएल, १९२० साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी अ‍ॅक्रन प्रोज संघ एकही सामना न हरता विजेता ठरला. पोलार्ड त्यांचा हुकमी खेळाडू, पण कृष्णवर्णीय. म्हणून कपडे बदलायचे मालकाच्या सिगार कारखान्यात, असं त्यानंच पुढे सांगितलंय. १९२१ मध्ये तो याच संघाचा प्रशिक्षकही झाला. आणि मग? १९३४ ते १९४५ लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता! दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, आला थेट १९८९ मध्ये. पोलार्ड १९८६ मध्येच गेला होता. म्हणून कुणी ‘पहिला’ म्हटलं, की मी विचारतो, दुसरा कधी आला?